घाना अनुभवायचाय? मग या चुका टाळा

सांगलीचे पाहुणे आमच्याकडे घानाच्या राजधानीत, आक्रात उतरले ती सोमवारची रात्र. दुसऱ्या दिवशी ताजे मासे घ्यायला मी त्यांना जेम्सटाउनच्या किनाऱ्यावर घेऊन गेले, तर रंगीत होड्या वाळूवर ओढून ठेवलेल्या आणि माणसं सावलीत जाळी विणत बसलेली. मंगळवार होता. आक्राचे मूळ रहिवासी गा लोक मंगळवारी समुद्रात मासेमारी करत नाहीत, तो दिवस समुद्राचा. मला हे माहीत होतं, तरी विसरले. आपले कोळी पावसाळाभर होड्या किनाऱ्याला बांधून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून बाहेर पडतात, इथे समुद्राला दर आठवड्याला सुट्टी मिळते.

घानात बहुतेकांची फजिती अशीच होते. ‘काय खायचं, काय घ्यायचं’ हे आपण विचारून येतो. ‘कुणाचं’ आणि ‘कुठल्या वाराचं’ हे विचारायचं राहून जातं.

वार न बघता बेत आखणं

आकान हा घानातला सगळ्यांत मोठा समाज, आशांती आणि फांते त्यातलेच. त्यांच्यात जन्मवारावरून नाव असतं. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, रविवारची मुलगी अकोसुआ, शनिवारची अमा. म्हणजे संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान शुक्रवारचे आणि घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा शनिवारचे. आपला जन्मवार आधीच शोधून ठेवा. तो सांगता आला की तुम्हालाही लगेच नाव मिळतं, आणि बाजारातली मावशी पुढच्या खेपेला त्याच नावाने हाक मारते.

आशांती राजाच्या कुमासी शहराला जाणाऱ्यांची ठरलेली चूक म्हणजे ‘रविवारी राजाचा दरबार असतो’ असं ऐकून कुठल्याही रविवारी जाणं. अक्वासिदाए हा आशांती राजाचा दरबार रविवारीच भरतो, पण दर 42 दिवसांनी. जुन्या आकान कालगणनेत सहा दिवसांचं एक चक्र आणि सात दिवसांचं दुसरं अशी दोन चक्रं एकत्र फिरतात आणि 42 दिवसांनी पुन्हा जुळतात. मधल्या रविवारी मानह्या राजवाड्यातलं संग्रहालय बघून परतावं लागतं. मोठ्या छत्र्यांची रांग, शिंगांचा आवाज, ढोल आणि सोन्याने मढलेले सरदार बघायचे असतील तर आधी दरबाराची तारीख काढा, मग विमानाचं तिकीट.

उलटी फजिती आक्रात होते. ढोल ऐकायला लोक मे-जूनमध्ये येतात, आणि नेमकी तेव्हा गा परंपरेने सुमारे महिनाभर ढोल आणि मोठ्या आवाजावर बंदी असते. मक्याची पेरणी झालेली असते, देवांना शांतता हवी असते. त्यानंतर होमोवो हा गा लोकांचा सण येतो. नावाचा अर्थच भुकेची टर उडवणं. आंबवलेल्या मक्याचं क्पोक्पोई पामफळांच्या रश्शाबरोबर शिजतं आणि सरदार ते रस्त्यावर शिंपडत फिरतात. गावागणिक तारीख वेगळी, त्यामुळे ‘होमोवो कधी’ या प्रश्नाला ‘कुठल्या गावचा’ असा प्रतिप्रश्न येतो. किनाऱ्यावरच्या विनेबाचा हरीण पकडण्याचा सण आबोआच्येर मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, आणि अंलो एवे लोकांचा होग्बेत्सोत्सो अंलोगाला नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी. हे दोन लक्षात ठेवायला सोपे.

‘घानाचं जेवण’ नावाचा एकच पदार्थ शोधणं

जोलोफ, म्हणजे टोमॅटोतला मसालेदार भात खाल्ला, फोटो टाकला, संपलं. असं करू नका. जोलोफ अख्ख्या पश्चिम आफ्रिकेचा आहे आणि त्यावरून घाना आणि नायजेरियाचं भांडण कोल्हापुरी मिसळ की पुणेरी मिसळ या वादासारखंच आहे. या वादात पाहुण्याने पडू नये.

केंकीचंच बघा. आंबवलेल्या मक्याचा उकडलेला गोळा, पण गा लोकांची केंकी मक्याच्या सालीत गुंडाळलेली असते आणि तिच्यात मीठ असतं. फांते लोकांची केळीच्या जातीच्या पानात बांधलेली, बिनमिठाची. एक खाऊन ‘केंकी आवडली नाही’ म्हणणं म्हणजे फक्त साबुदाण्याचा वडा खाऊन वडा आवडला नाही म्हणण्यासारखं. उत्तरेत तमालेकडे गेलात की फुफू मागे पडतो आणि तुओ झाफी हा पिठाचा शिजवलेला मऊ गोळा येतो, सोबत आयोयोच्या पानांचा बुळबुळीत रस्सा. भेंडी आवडत असेल तर जमेल.

फुफू चावू नका. कसावा (ज्याचा साबुदाणा करतात तो कंद) आणि कच्ची केळी उकडून कुटलेला हा मऊ लगदा रश्शातच बुडवून वाढतात. उजव्या हाताने कडेचा लहान तुकडा तोडायचा, रस्सा लावायचा आणि गिळायचा. चावत बसलं की तो दातांना चिकटतो आणि समोरची माणसं नम्रपणे हसू आवरतात. चव रश्शात असते. शेंगदाण्याचा रस्सा, न्कातेन्क्वान, मराठी जिभेला पहिल्याच घासात पटतो. उपवासाची दाण्याची आमटी डोळ्यांपुढे येते, फक्त यात कोंबडी असते.

आता शाकाहाऱ्यांची मोठी अडचण. ‘नो मीट’ म्हटलं की तुमच्या ताटात मासा येतो, आणि वाढणाऱ्याच्या दृष्टीने त्याने तुमचं ऐकलेलं असतं. शितो हा काळा तिखट मसाला सुक्या मासळीचा आणि कोळंबीचा असतो. कोंतोम्रे ही आपल्या अळूच्या भाजीची जवळची बहीण, पण तिच्यात खारवलेला किंवा धुरावलेला मासा हमखास पडतो. वाचे म्हणजे भात आणि चवळी, ऐकायला निर्धोक, पण वरून ओतलेला रस्सा निर्धोक नसतो. म्हणून एकेक नाव घेऊन सांगा: मांस नाही, मासा नाही, कोळंबी नाही, अंडं नाही, रश्शात घालतात ती तयार मसाल्याची वडीही (स्टॉक क्यूब) नाही. त्यातल्या त्यात भरवशाचं काय? सकाळी कोको, म्हणजे बाजरीची पातळ तिखट पेज, आणि सोबत चवळीच्या पिठाची कोसे. आपलीच भजी, फक्त गाव वेगळं. दुपारी रस्त्यावर भाजलेलं केळं आणि शेंगदाणे. याला लोक लाडाने ‘कोफी ब्रोकमॅन’ म्हणतात, म्हणजे खिशात दमडी नसलेल्या कोफीचं जेवण. संध्याकाळी आलं-मिरची लावून तळलेली पिकली केळी, केलेवेले. तेल कुठलं, तेवढं विचारा.

आणि वाचे दुपारी तीनला शोधू नका. चांगल्या टपरीवरचं तोवर संपलेलं असतं.

घरी करून बघताना कुठे बिघडतं

गावी परतलेल्या मैत्रिणींचे फोन येतात. तक्रारी साधारण याच.

‘बांकू आंबलाच नाही.’ बांकू म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा. तो बिघडला, कारण तुम्ही कॉर्नफ्लोअर आणलंत. ते नुसतं स्टार्च असतं. हवा अख्खा मका. तो दोन दिवस भिजवून वाटा, मग दोन-तीन दिवस आंबू द्या. आंबट वास आल्याशिवाय चुलीवर चढवू नका. मूळ बांकूत कसावाचं पीठही असतं, पण ते नसलं तरी चालतं.

‘रेड रेड लाल झालंच नाही.’ रेड रेड म्हणजे लाल पामतेलातली चवळीची उसळ. आपल्याकडे मिळणारं पामतेल शुद्ध केलेलं, फिकट. घानाचं पामतेल केशरी-लाल आणि वासाचं, त्यातलं मसाले घातलेलं ते झोमी. चवळीच्या उसळीत ते तेल नसेल तर हळद-तिखटाने रंग आणण्याचा खटाटोप करू नका. ती उसळच खा, छान लागते.

‘वाचेला रंग नाही.’ तो तपकिरी-तांबूस रंग मसाल्याचा नसतो. ज्वारीच्या एका गडद जातीची वाळलेली पानं चवळीबरोबर उकळतात, त्यातून तो उतरतो. आपला कडबा तेवढा रंग देईलच असं नाही. बाजारातून पानांची जुडी घेऊन जा, हलकी असते.

‘गारीची खिचडी केली, लगदा झाला.’ होणारच! गारी आणि साबुदाणा दोन्ही कसावाचे, म्हणून हा मोह होतो. पण गारी आंबवून, पिळून, भाजलेली असते, पाणी लागताच फुगते. तिला फोडणी नको. थंड पाणी, साखर, दूध आणि मूठभर शेंगदाणे. इथले वसतिगृहातले विद्यार्थी यावरच महिनाअखेर काढतात.

कापड घेताना

पहिली चूक: छापील केंतेला केंते, म्हणजे घानाचं हातमागाचं रंगीत कापड, समजणं. खरा केंते अरुंद मागावर सुमारे चार इंच रुंदीच्या पट्ट्यांत विणतात आणि त्या पट्ट्या शेजारी शेजारी शिवतात. कापड उलटं करा, जोड बोटाला लागले पाहिजेत. जोड नाहीत, वजन नाही, उलटी बाजू फिकी, तर ते छापील. घ्या खुशाल, पण छापीलच्या भावात. केंते विणण्याच्या कलेची 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत नोंद झाली, तेव्हापासून विक्रेते हे नाव जरा जास्तच मोठ्याने घेतात.

दुसरी चूक: केंते फक्त आशांतींचा समजणं. कुमासीजवळचं बोनविरे प्रसिद्ध आहे खरं, पण पूर्वेला क्पेतोएचे एवे विणकर आपला केंते विणतात. त्यात माणसं, प्राणी, भांडी अशा आकृत्या दिसतात. एव्यांसमोर ‘आशांती केंते’ म्हणालात की भाव वाढतो की मन दुखावतं, नक्की सांगता येत नाही. पैठणीला कांजीवरम म्हणून बघा.

नक्षीचं नाव विचारायला विसरू नका, कारण कापडाची निम्मी गंमत त्यात असते. एक नक्षी ‘फातियाच एन्क्रुमाला शोभते’ या नावाने ओळखली जायची. फातिया ही एन्क्रुमांची इजिप्तची पत्नी. 1966 च्या बंडात एन्क्रुमांची सत्ता गेली आणि त्याच नक्षीचं नाव झालं ‘एकटा माणूस राज्य चालवत नाही’. धागे तेच.

रंगाची चूक मराठी माणसाकडून सगळ्यांत आधी होते. आपल्याकडे लाल शुभ आणि पांढरं सुतकाचं. आकान लोकांत लाल आणि काळं दुःखाचं, पांढरं आनंदाचं. आठव्या दिवसाच्या बारशाला लोक पांढरं नेसून येतात. बाळाच्या जिभेला आधी पाण्याचा आणि मग दारूचा थेंब लावतात, पाण्याला पाणी म्हण आणि दारूला दारू, असं सांगत. अंत्यविधी बहुधा शनिवारी असतो. त्या दिवशी काळ्या-लाल कपड्यांतली माणसं दिसली तर ‘किती छान ड्रेस’ म्हणत कॅमेरा काढू नका. गेलेली व्यक्ती फार वयस्कर असेल तर काळं-पांढरंही नेसतात.

आदिंक्रा म्हणजे अर्थ असलेली चिन्हं. त्यांचे छाप न्तोन्सो गावात भोपळ्याच्या कवचाचे शिक्के करून, झाडाच्या सालीच्या काळ्या रंगाने उठवतात. हे जुन्या पद्धतीचं कापड धुण्यासाठी केलेलंच नसतं. वॉशिंग मशीनमध्ये टाकाल तर आठवण आणि पैसे दोन्ही जातील.

वॅक्स प्रिंट हे भडक छापाचं सुती कापड सहा वारांत मिळतं, म्हणजे जवळपास साडीएवढंच. त्यामुळे साडी म्हणून नेसायचा मोह होतो. मी नेसले. कडक सुती कापड, निऱ्या उभ्याच राहिल्या. दोनदा धुऊन मग बघा, किंवा सरळ शिवून घ्या.

उत्तरेचा फुगू मात्र अंगात चढवला की झालं. जाड सुती पट्ट्यांचा घेरदार अंगरखा, 6 मार्च 1957 ला स्वातंत्र्य जाहीर करताना एन्क्रुमांच्या अंगावर हाच होता.

सरदाराकडे आणि दारात

गावच्या सरदाराला भेटायचं असेल तर थेट त्याच्याशी बोलू नका. तुम्ही बोलायचं ते ओच्यामेशी, म्हणजे त्याच्या काठीधारी प्रवक्त्याशी, आणि तो पुढे सांगतो. सरदार दोन हातांवर बसलेला असला तरी. पायावर पाय टाकू नका. श्नॅप्स या कडक दारूची बाटली न्यावी लागते, नारळ नेल्यासारखी.

डावा हात. पैसे देताना, घेताना, रस्ता दाखवताना, कधीच नाही. आपण लहानपणी फटके खाऊन हे शिकलोय, तरी एका हातात मोबाइल आला की विसरतो.

आणि कुणी जेवत असेल, तुम्ही आत शिरलात, आणि तो ‘यू आर इन्व्हायटेड’ म्हणाला, तर ताट ओढून बसू नका आणि गोंधळूही नका. ते आपलं ‘या जेवायला’ आहे. हसून आभार माना. त्याने दुसऱ्यांदा म्हटलं आणि बाजूला सरकून जागा केली, तर मात्र हात धुवा.