खर्च लिहायची सवय: पहिला महिना काटकसर नको

महिनाअखेरीला ‘एवढे पैसे गेले कुठे?’ असा प्रश्न पडतो, तेव्हा मोठे खर्च आपल्याला तोंडपाठ असतात. घरभाडं, हप्ते, बिलं यांचा आकडा झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. पत्ता लागत नाही तो मधल्या बारीकसारीक खर्चांचा. त्यासाठी लिहायचं. माझा आग्रह एवढाच, की पहिला महिना फक्त लिहा, काही कमी करू नका. लिहिणं आणि काटकसर एकाच दिवशी सुरू केली, तर वही शिक्षा वाटू लागते. मग ज्या खर्चाची लाज वाटते तो लिहायचाच राहतो आणि हिशेब खोटा पडतो. माझे पहिले दोन प्रयत्न असेच वाया गेले.

१. साधन ठरवा
खिशातली छोटी वही, मोबाइलमधली नोंद, एक्सेलचा तक्ता, काहीही चालेल. पैसे दिल्यावर अर्ध्या मिनिटात नोंद होते की नाही, एवढंच पाहा.

२. आरंभीची शिल्लक लिहा
पाकिटातली रोकड, प्रत्येक खात्यातली रक्कम आणि क्रेडिट कार्डाचं देणं पहिल्या पानावर मांडा. ही पायरी हमखास गाळली जाते, आणि मग आपला हिशेब बरोबर आहे का, हे तपासायला काही उरत नाही.

३. पैसे देताच लिहा
‘रात्री लिहू’ म्हटलं की निम्मं विसरतं. शिवाय आणखी एक कारण आहे. ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावायला सांगितली होती. कार्डाने पैसे द्यायचे आहेत असं सांगितलेल्यांची बोली रोख देणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त निघाली. नोटा मोजून देताना हात क्षणभर थबकतो, कार्ड किंवा मोबाइल पुढे करताना थबकत नाही. लगेच लिहिल्याने ते थबकणं परत मिळतं.

प्रत्येक नोंदीत तारीख, रक्कम, कशासाठी हे तर हवंच, पण चौथा रकाना ‘का’ असा ठेवा आणि त्यात एकच शब्द लिहा: गरज, हौस, घाई, कंटाळा. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते या रकान्याने. मी स्वतःला उधळ्या समजत होतो. महिन्यानंतर पाहिलं तर हौसेचे खर्च मोजके होते, ‘घाई’ मात्र पानोपानी. उशीर झाला म्हणून, आधी आणून ठेवलं नाही म्हणून, मुदत चुकली म्हणून. असे खर्च मन मारून कमी होत नाहीत. आदल्या रात्री दहा मिनिटं तयारी केली की होतात.

४. रात्री शिल्लक जुळवा
सकाळी पाकिटात ५०० होते, वहीत ३२० चा खर्च आहे, म्हणजे १८० उरायला हवेत. प्रत्यक्षात १५० आहेत. ३० चा हिशेब लागत नाही. दोन मिनिटं आठवून पाहा. नाहीच आठवलं तर ‘हिशेब न लागलेले ३०’ असं सरळ लिहा. आकडा जुळावा म्हणून खोटी नोंद घालू नका. हा न लागलेला आकडा आठवड्यागणिक लहान होत गेला, की सवय लागली असं समजा.

५. एकच खर्च दोनदा धरू नका
एटीएममधून पैसे काढणं हा खर्च नव्हे, पैशांनी फक्त जागा बदलली. कार्डावरची खरेदी झाली त्या दिवशी लिहा. बिल भराल तेव्हा पुन्हा नको. हातउसने दिलेले पैसे वेगळ्या पानावर ठेवा, नाहीतर परत आले की उत्पन्नच वाटतात.

६. खाती थोडी ठेवा
किराणा, प्रवास, औषधं अशी खर्चाची सहा-सात खाती पुरे. वीस खाती केलीत, तर कुठली नोंद कुठे टाकायची यातच जीव मेटाकुटीला येतो. ‘किरकोळ’ हे खातं लागतंच, पण ते एकूण खर्चाच्या दहाव्या भागापेक्षा फुगलं तर फोडून पाहा.

७. वर्षातून एकदा येणारे खर्च
विमा, कर, शाळेची फी, दुरुस्ती. यांची बेरीज करून १२ ने भागा आणि तेवढी रक्कम दरमहा खर्च झाली असं धरून बाजूला काढा. बऱ्याचदा ‘अचानक आलेला’ खर्च अचानक नसतोच. तारीख ठाऊक असते, तजवीज नसते.

८. दुसऱ्या महिन्यापासून मर्यादा
आता प्रत्येक खात्यापुढे अंदाज लिहा आणि एकाच खात्याला हात घाला. घरखर्च असा वहीत मांडणं नवं नाही. जपानमध्ये पत्रकार हानी मोतोको यांनी १९०४ साली घरखर्चाची वही काढली. तिथे अशा वहीला काकेबो म्हणतात आणि तिची पद्धत आजही वापरात आहे. घरात दोघं कमावते असाल तर अंदाजाचं पान दोघांनी मिळून वाचा, पण ‘हे का घेतलंस?’ असा जाब विचारायला बसू नका. एकदा जाब विचारला, की पुढच्या महिन्यात नोंदी लपायला लागतात.

मध्ये चार दिवस लिहायचे राहिले, तर आठवून आठवून ते भरत बसू नका. खाली आडवी रेघ मारा, आजची शिल्लक मोजून लिहा, फरक ‘हिशेब न लागलेले’मध्ये टाका आणि पुढची नोंद आजच्या तारखेने करा.