नॅनोफायबर ड्रेसिंगवर काम सुरू करताय? आधी कोरा नमुना लावा

नॅनोफायबर ड्रेसिंग (अतिसूक्ष्म धाग्यांची जखमेवरची पट्टी) हा विषय घेतला तेव्हा मला वाटलेलं की सगळा खेळ बॅक्टेरिया मारण्याचाच आहे. अहो, बॅक्टेरिया फिनाइलनेपण मरतात, म्हणून ते जखमेवर कोणी ओततं का!

पहिले काही महिने इलेक्ट्रोस्पिनिंग (विजेच्या दाबाने द्रावणातून बारीक धागे ओढणं) जमवण्यातच जातात, हे धरूनच चाला. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण, सुईला 15-20 किलोव्होल्ट, समोर 12-15 सेंमीवर फॉइल गुंडाळलेला कलेक्टर, वाचायला एकदम सोपं. सुरुवात पीव्हीएने (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) करा, पाण्यात विरघळतं, सॉल्व्हंटची कटकट नाही. द्रावण पातळ झालं की एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) धागे कमी आणि मणीच जास्त दिसतात. हवेतली आर्द्रता रोज वहीत लिहा, मी लिहीत नव्हतो आणि कालचे सेटिंग आज का चालत नाहीत म्हणून डोकं फोडत बसायचो.

आता खरी फजिती. जिलेटिन अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडमध्ये स्पिन केलं, आत बॅक्टेरिया मारायला सिल्व्हर नॅनोपार्टिकल्स (चांदीचे अतिसूक्ष्म कण), आणि पाण्यात विरघळू नये म्हणून ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेत क्रॉसलिंक केलं, म्हणजे रेणू एकमेकांना बांधले. स्टॅफ ऑरियस या बॅक्टेरियाच्या प्लेटवर मॅटभोवती (धाग्यांच्या चादरीभोवती) हा मोठा क्लिअर झोन, म्हणजे बॅक्टेरिया न वाढलेली जागा! मी खूश, लगेच फोटो वगैरे. गाइडनी एवढंच विचारलं, "बिनसिल्व्हरचं मॅट लावलंस का?" तोच कोरा नमुना, आणि मी तो लावलाच नव्हता. लावला तर त्यालाही जवळपास तेवढाच झोन. म्हणजे मारत होतं ते उरलेलं अ‍ॅसिड आणि ग्लुटाराल्डिहाइड, सिल्व्हरचा पत्ताच नाही, आणि तेच मॅट एल929 पेशींवर (विषारीपणा तपासायला वापरतात त्या उंदराच्या पेशी) टाकलं तर त्यापण गारद. आयएसओ 10993-5 या विषारीपणा चाचणीच्या मानकाप्रमाणे जिवंत पेशी 70 टक्क्यांच्या खाली गेल्या की मटेरियल विषारी धरतात, आम्ही तर त्याच्याही बरंच खाली.

मग उरलेली रसायनं घालवायला ग्लायसिनच्या द्रावणात धुणं, व्हॅक्यूममध्ये सुकवणं, परत सगळं पहिल्यापासून. धुतल्यावर झोन एवढासा राहिला, पण त्याने घाबरू नका, सिल्व्हर आगारमध्ये (प्लेटमधल्या जेलीत) फारसं पसरतच नाही त्यामुळे झोनवरून त्याची ताकद कळत नाही. उरलेल्या जिवंत बॅक्टेरियाच्या कॉलनी मोजा. 3 लॉग घट (हजारपट कमी) म्हणजे 99.9 टक्के मेले, हा आकडा झोनच्या मिलिमीटरपेक्षा कितीतरी कामाचा. आणि पेशींची टेस्ट शेवटी ठेवू नका, बॅक्टेरियाच्या टेस्टसोबत त्याच बॅचच्या मॅटवर करा, कारण सिल्व्हर वाढवायचा मोह प्रत्येकाला होतोच, आणि जास्त सिल्व्हर पेशींनाही मारतं.