हिरव्या पेरोव्स्काइट एलईडीची चमक मिनिटांत का उतरते?

सीझियम लेड ब्रोमाइड या पेरोव्स्काइटचे क्वांटम डॉट (नॅनोमीटर आकाराचे, प्रकाश देणारे स्फटिक) बाटलीत लखलखीत हिरवे दिसतात, पण एलईडीत चमक काही मिनिटांत ढासळते. गडबड बहुधा धुण्यात असते. ओलेइक ॲसिड आणि ओलेइलअमाइन हे लिगंड, म्हणजे डॉटवर आवरणासारखे बसलेले रेणू, पृष्ठभागाला सैलच धरून असतात. इथेनॉलने धुतलं की ते निघतात, सोबत ब्रोमाइडही जातो आणि त्या रिकाम्या जागी चार्ज अडकतो. कमी धुवावं, तर उरलेले लिगंड करंट अडवतात.

माझ्या हाताला बसलेली पद्धत अशी: टोल्युइनमधल्या 15 मिग्रॅ/मिली डॉटच्या 1 मिली द्रावणात जोरात ढवळत 50 मायक्रोलिटर ओलेइक ॲसिड घाला. मगच डायडोडेसाइल डायमिथाइल अमोनियम ब्रोमाइडचं 0.05 मोलर टोल्युइन द्रावण, 100 मायक्रोलिटर. हा क्रम उलटवू नका. ॲसिड आधी जुन्या अमाइनला प्रोटॉन देऊन सुटायला लावतं, मग त्या जागी हे ब्रोमाइड मीठ बसतं. मीठ जास्त झालं तर सीझियम डायलेड पेंटाब्रोमाइड बनतं आणि यूव्ही दिव्याखाली द्रावण मलूल दिसतं. तो घाणा टाकूनच द्या. नंतर कोरड्या मिथाइल ॲसिटेटने एकदाच साका बसवून डॉट ऑक्टेनमध्ये घ्या. टोल्युइन नको, ते एलईडीतला डॉटखालचा पॉली-टीपीडीचा (धन चार्ज वाहून आणणाऱ्या पॉलिमरचा) थर विरघळवतं.

डॉटच्या थरावर टीपीबीआय (इलेक्ट्रॉन वाहून आणणारा सेंद्रिय थर) 40 नॅनोमीटर, लिथियम फ्लोराइड 1, ॲल्युमिनियम 100. शेवटी ग्लोव्हबॉक्समध्येच (हवा-ओलावा नसलेल्या बंद पेटीत) काच आणि यूव्ही इपॉक्सीने सील. मात्र इपॉक्सी कडक करताना प्रकाश देणाऱ्या भागावर फॉइल झाका; यूव्हीने डॉटही मरतात.