दहा-बारा वर्षांचं मूल झोपत नाही, हिरमुसलेलं असतं : सुरुवात कुठून करावी?

सहावी-सातवीतलं पोर रात्री अकरापर्यंत टक्क जागं, सकाळी हाका मारून घसा बसला तरी उठत नाही आणि दिवसभर एक तर चिडचिड, नाहीतर तोंड मिटून बसलेलं. घरात लगेच दोन तट पडतात : ‘मोबाइल काढून घ्या’ आणि ‘वयच तसं आहे’. दुसऱ्यातही तथ्य आहे. वयात येताना झोपेचं घड्याळ पुढे सरकतं, मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक उशिरा स्रवू लागतं. गरज मात्र कमी होत नाही : ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप हवीच. महाराष्ट्रात २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं. पाचवीपासून पुढच्यांची सातची शाळा तशीच राहिली.

१. आठवडाभर नुसतं टिपा. कॅलेंडरच्या चौकटीत झोप लागल्याची आणि उठल्याची वेळ, दुपारची झोप, चहा-कोला, आणि मूड कसा होता हे एका शब्दात. पोट फक्त शाळेच्या दिवशीच दुखतं का, तेही लिहा. उपदेश या आठवड्यात बंद.

२. उठायची वेळ बांधा. सगळं इथे अडतं, आणि बहुतेक घरं नेमकी उलटी सुरुवात करतात. दटावून कुणाला झोप लागत नाही. उठवता मात्र येतं. रोज एकच वेळ, रविवारी फार तर तासभर उशीर. उठल्याबरोबर गॅलरीत किंवा अंगणात उजेडात न्या, ब्रश तिथेच करू दे. झोप अकराला लागत असेल तर नऊला अंथरुणात ढकलू नका. दोन तास कूस बदलत पडलं की अंथरूण म्हणजे जागरण हेच डोक्यात बसतं. आधी पावणेअकरा, मग दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून मंद दिव्यात चित्रं काढत बसलं तरी चालेल. दुपारनंतर चहा नको.

३. रात्री फोन बाहेरच्या खोलीत. सगळ्यांचे. बाबा पांघरुणात रील्स बघत असतील तर हा नियम दोन दिवस टिकणार नाही.

४. बोलणं संध्याकाळी काढा. दिवा मालवला की काळज्या वर येतात, म्हणून त्यांना आधीच वाट द्या. समोर बसवून ‘काय झालंय तुला?’ विचारलं की ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. मटार सोलताना, गाडीवर मागे बसवून नेताना जीभ सैल होते. ‘मधल्या सुट्टीत हल्ली कुणाबरोबर डबा खातेस?’ एवढंच विचारा आणि थांबा. ‘एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलीस’ हे वाक्य गिळा.

५. मन लागायची वाट बघू नका. आधी हालचाल, उत्साह मागून येतो. रोज एक छोटी, आवडती गोष्ट ठरवा : खाली उतरून सायकलच्या दोन फेऱ्या, मामेभावाशी कॅरम. क्लासच्या गर्दीत यालाच कात्री लागते. माझ्या मते क्लास कापावा.

६. डॉक्टरकडे कधी? लहान मुलांचं नैराश्य रडण्यापेक्षा चिडण्यातून जास्त दिसतं. दोन आठवडे बहुतेक दिवस असंच चाललं, खेळ-मित्र तुटले, भूक बदलली, तर बालरोगतज्ज्ञांना ती टिपणं दाखवा. घोरणं, तोंडाने श्वास घेणं, रात्री पाय वळवळणं हेही सांगा. टॉन्सिल, अ‍ॅडेनॉइड (नाकामागच्या गाठी) किंवा लोहाची कमतरता झोप मोडू शकते. मेलाटोनिनच्या गोळ्या स्वतःहून आणू नका.

‘मी नसतो तर बरं’ असं काही तोंडून आलं तर विषय बदलू नका. मरायचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने ते मनात भरत नाहीत. उत्तर ‘हो’ असेल तर मुलाला एकटं सोडू नका, घरातली औषधं, फिनेल, कीटकनाशकं कुलपात टाका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. जिवाला धोका वाटला तर थेट रुग्णालयात न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतही.