वळीव यायच्या आधी सोलरच्या खांबांचा बुडखा बघून घ्या

पॅनलवरची धूळ सगळेच पुसतात, पण खाली वाकून खांबाचा बुडखा बघणारा दहात एखादाच, आणि वादळात घात तिथूनच होतो. लोकांना वाटतं वारा स्ट्रक्चर ढकलून पाडतो, खरं तर पॅनल म्हणजे तिरपं बांधलेलं पाल, मागून वारा शिरला की ते वर उचललं जातं आणि खांब उपटायला बघतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी 144 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण 100 किलो, 550 वॉटचं पॅनल अडीच चौरस मीटरच्या आसपास आणि त्याचं वजन जेमतेम 28-30 किलो, म्हणजे जड आहे म्हणून उडणार नाही हा हिशोब सोडा.

पहिलं काम, खांबाला हात लावून जोरात हलवायचं. काळी माती असेल तर उन्हात भेगाळते आणि काँक्रीटच्या कडेनं फट पडते, मग पहिलंच पाणी सरळ पायात. फट असेल तर माती थोडी ओली करून थराथरानं ठोकून भरा आणि पाणी लांब जाईल असा उतार द्या. खांब काँक्रीटमध्येच हलत असेल तर वरून सिमेंट थापून काही होत नाही (हे मी स्वतः करून बसलोय, एका पावसात पापुद्रा निघाला), पाया उकरून नव्यानं भरावा लागतो, आणि काँक्रीटला पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात म्हणून हे काम आत्ताच काढा.

मग गंज. लोखंड वाचतं ते वरच्या जस्ताच्या थरामुळे, आणि 3 ते 6 मिलिमीटर जाडीच्या लोखंडावर चांगल्या हॉट डिप गॅल्वनाइझिंगचा (लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून दिलेला) थर सरासरी 70 मायक्रॉन तरी हवा. पांढरी भुकटी दिसली तर फार घाबरू नका, ते जस्त झिजतंय, लाल डाग दिसला की मात्र लोखंड उघडं पडलंय. जागेवर वेल्डिंग केलं असेल तिथलं जस्त हमखास जळलेलं असतं, ब्रशनं घासून झिंकवाला पेंट मारा, साधा चंदेरी रंग नको. आणि बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) फवारताना स्ट्रक्चरवर तुषार उडू देऊ नका, त्यातलं तांबं जस्ताला आणि ॲल्युमिनियमच्या फ्रेमला खातं. खताची पोती खांबाला टेकवून ठेवायची सवय पण मोडा.

नटबोल्टचं सोपं आहे, पान्ह्यानं तपासले की नट आणि प्लेटवर मार्करनं एकच रेघ ओढा, पुढच्या वेळी रेघ सरकलेली दिसली तर तो ढिला झालाय. पॅनलचे क्लॅम्प मात्र ताकद लावून आवळू नका, काच तडकते, कंपनीनं दिलेल्या टॉर्कवरच (आवळायच्या जोराच्या मापावरच) थांबा.

हातानं अँगल बदलायची सोय असेल तर वादळाचा इशारा आला की पॅनल शक्य तेवढं आडवं करा आणि पिन नीट बसलीय का बघा, नुसती अडकवलेली पिन धक्क्यात निसटते. त्याआधी आयसोलेटर (पॅनलची लाइन तोडणारा स्विच) बंद, पण ऊन आहे तोवर पॅनलच्या वायरीत करंट असतोच, ओल्या हातानं कनेक्टर ओढायचा नाही. आणि खांबाला बैल बांधत असाल तर आजच सोडा, रोजच्या हिसक्यानं पाया कधी सैल होतो कळत पण नाही.