“माझं काम कसं वाटतंय?” या प्रश्नाला उत्तर का मिळत नाही

नोकरीला लागल्यावर पहिल्या काही महिन्यांत बहुतेक जण मॅनेजरला हा प्रश्न विचारतात आणि बहुतेकांना “छान चाललंय, असंच चालू दे” असं उत्तर मिळतं. विचारणारा खूश होतो. वर्षाअखेरीस अप्रेझलमध्ये, म्हणजे वार्षिक मूल्यमापनात, मात्र “कम्युनिकेशन सुधारायला हवं” असं वाचून त्याला धक्का बसतो.

मी बरीच वर्षं नवख्यांचं काम तपासण्याच्या बाजूला बसले आहे, त्यामुळे “छान चाललंय” मागचं खरं कारण सांगू शकते. अशा मोघम प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर समोरच्याला तुमचं महिन्याभराचं काम आठवावं लागतं, त्यातलं काय बोलण्याजोगं आहे ते निवडावं लागतं, तुम्ही दुखावणार नाही असे शब्द शोधावे लागतात. हे सगळं दोन मीटिंगच्या मधल्या पाच मिनिटांत कोण करणार? “छान” म्हणणं सगळ्यात सोपं.

म्हणून प्रश्न अरुंद करा. “कालच्या रिपोर्टमध्ये मुख्य आकडा तुम्हाला लगेच सापडला का?” “क्लायंटने तोच प्रश्न दोनदा विचारला, माझ्या उत्तरात काय सुटलं होतं?” अशा प्रश्नाला “छान” म्हणून सुटता येत नाही. शिवाय तो तुमच्याबद्दल नसून एका कामाबद्दल असतो, त्यामुळे सांगणाऱ्यालाही अवघड वाटत नाही.

वेळही महत्त्वाची. काम पूर्ण करून, सजवून दाखवलंत तर समोरचा मनात हिशोब करतो की आता हे बदलायला लावलं तर सगळं नव्याने करावं लागेल, आणि गप्प बसतो. त्यापेक्षा कच्चा आराखडा तयार झाला की दाखवा, आणि काय पाहायचं तेही सांगा: “भाषा अजून सुधारायची आहे, फक्त मुद्द्यांचा क्रम बरोबर आहे का बघा.” हे सांगितलं नाही तर हमखास शुद्धलेखनाच्या चुका हातात पडतात.

विचारणं हा एकच मार्ग नाही. सुझन ॲशफर्ड आणि लॅरी कमिंग्ज या संशोधकांनी 1983 मध्ये मांडलं होतं की कर्मचारी दोन प्रकारे फीडबॅक मिळवतो: थेट विचारून आणि आजूबाजूला निरखून. नवखे लोक दुसरा प्रकार वाया घालवतात असं मला वाटतं. तुम्ही पाठवलेला ड्राफ्ट आणि सिनिअरने पुढे पाठवलेली प्रत शेजारी शेजारी ठेवून वाचा. कुठला परिच्छेद उडाला, कुठलं वाक्य वर गेलं, कुठला आकडा ठळक झाला? तोंडाने कोणी इतकं स्पष्ट सांगत नाही. निरखण्यात धोका एवढाच, की आपण भलताच अर्थ काढतो. मॅनेजरचं एका शब्दाचं “ओके” नाराजीचं असेल किंवा नुसत्या घाईचं. शंका आली तर विचारून घ्या, मनात गोष्ट रचत बसू नका.

आणि फक्त मॅनेजरलाच का विचारायचं? तुमचं काम ज्याच्या टेबलावर पुढे जातं, तो टेस्टर, अकाउंट्समधला सहकारी, सपोर्टवर फोन घेणारी व्यक्ती, यांना तुमच्या कामातल्या खाचा रोज टोचतात. त्यांना सहसा कोणी विचारत नाही.

आता ऐकण्याबद्दल. अव्राहम क्लूगर आणि अँजेलो डीनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरच्या जुन्या संशोधनाचा एकत्रित आढावा घेतला. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण तपासलेल्या परिणामांपैकी एक तृतीयांशाहून अधिक ठिकाणी कामगिरी उलट घसरली होती. त्यांच्या मांडणीनुसार लक्ष कामावरून उडून स्वतःकडे वळलं की फीडबॅकचा उपयोग कमी होत जातो. माझाही अनुभव हाच. “तू निष्काळजी आहेस” हे ऐकून माणूस रात्रभर स्वतःची उलटतपासणी घेतो आणि सकाळी तीच चूक करतो. तेव्हा असं वाक्य आलं की ते तुम्हीच कामाकडे वळवा: “कुठल्या शीटमध्ये चुकलं? पाठवण्याआधी मी काय तपासायला हवं होतं?” “जरा प्रोॲक्टिव्ह व्हा” हे तर नेहमीचं मोघम वाक्य. त्यावर विचारा, “गेल्या आठवड्यात मी आधीच पाऊल उचलायला हवं होतं असा एखादा प्रसंग सांगाल का?” प्रसंग मिळाला तर सोनं. नाही मिळाला तर त्या वाक्यावर फार झोप उडवू नका.

ऐकताना शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. खुलासा द्यायचाच तर एका वाक्यात द्या. तिसऱ्या वाक्यापासून तो बचाव वाटू लागतो. लेखी शेरे प्रत्यक्षापेक्षा कडक वाटतात, म्हणून उत्तर टाइप करण्याआधी फोन करा. कौतुक झालं तरी “नेमकं काय आवडलं?” विचारायला लाजू नका, कारण पुन्हा काय करायचं ते त्यातूनच कळतं.

सगळंच मानायचं नसतं. वेगवेगळ्या लोकांकडून तीच गोष्ट आली तर वाद संपला, बदला. एकाच माणसाची आवड असेल तर त्याच्या कामापुरती पाळा. दोन सिनिअर उलटसुलट सांगत असतील तर बहुधा त्यांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे वाचक असतात, दोघांना एकाच मेलमध्ये घेऊन “हे नक्की कोणासाठी आहे?” असं विचारा. चारचौघांत वारंवार पाणउतारा होत असेल तर तो फीडबॅक नव्हे. तारखा आणि शब्द नोंदवून ठेवा आणि एचआरकडे जा.

सर्वांत जास्त सुटणारी पायरी नंतरची आहे. ज्याने सांगितलं त्याला परत जाऊन सांगा: “तुम्ही म्हणालात म्हणून या वेळी निष्कर्ष आधी घेतला, आता वाचायला सोपं जातं का?” आपलं बोलणं वाया गेलं नाही हे दिसलं की माणूस पुढच्या वेळी न विचारता सांगतो. माझ्याकडे असं परत येणारे मोजकेच, आणि त्यांच्या कामावर मी जास्त वेळ घालवते, हे मान्य करायला हरकत नाही.

अप्रेझलची बैठक मात्र शिकण्याची जागा समजू नका. तिथे पगारवाढ टेबलावर असते, त्यामुळे दोन्ही बाजू शब्द तोलून बोलतात. तुमच्याविरुद्धचा मुद्दा तिथे पहिल्यांदा कळू नये म्हणून दीड-दोन महिने आधीच मॅनेजरसोबतच्या वन-ऑन-वनमध्ये (दोघांच्याच बैठकीत) विचारा: “आज रेटिंग द्यायचं झालं तर कुठला मुद्दा आड येईल?” आणि स्वमूल्यांकनाच्या फॉर्ममध्ये “मी शिकायला उत्सुक आहे” लिहिण्याऐवजी कोणाच्या कुठल्या सूचनेवरून काय बदललंत, ते दोन उदाहरणांसह लिहा.