लेगोची मुंबई डबलडेकर: मापांपासून चर्चेपर्यंत

स्वतःच्या आराखड्याचे लेगो मॉडेल, म्हणजे मॉक, करायला बसलात की सगळ्यात आधी रुंदी ठरवा. रुंदीवरून प्रमाण ठरते, प्रमाणावरून चाक, चाकावरून तळमजल्याची उंची, आणि तिथून पुढे खिडक्या. रंग, दिवे, पाट्या या गोष्टी शेवटपर्यंत बदलता येतात. रुंदी मात्र मध्येच बदलली तर निम्मे मॉडेल पाडावे लागते.

उदाहरण म्हणून मुंबईची लाल डबलडेकर घेऊ. ती शहरात १९३७ मध्ये आली आणि डिझेलवरची शेवटची गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली. मधल्या काळात सांगाडे, दारे, जिने बरेच बदलले. त्यामुळे ‘एक डबलडेकर’ करायला घेऊ नका. फोटोतली एकच विशिष्ट गाडी निवडा आणि तिच्याशी प्रामाणिक राहा. दोन काळांतल्या गाड्यांचे तपशील एकत्र झाले की जाणकाराला ते लगेच खटकते.

माप

स्टड म्हणजे भागावरचा गोल उंचवटा, ब्रिक म्हणजे जाड ठोकळा, प्लेट म्हणजे पातळ ठोकळा. तीन आकडे पाठ हवेत. दोन स्टडांच्या मध्यबिंदूंमधले अंतर ८ मिमी, ब्रिकची उंची ९.६ मिमी, प्लेटची ३.२ मिमी. तीन प्लेट म्हणजे एक ब्रिक. पाच प्लेट म्हणजे १६ मिमी, म्हणजेच बरोबर दोन स्टड. आडव्या बांधणीचे सगळे गणित या शेवटच्या वाक्यावर चालते.

मिनीफिगर, म्हणजे लेगोची माणसाची छोटी बाहुली, डोक्यावरच्या स्टडसकट साधारण ४० मिमी उंच असते. माणूस १.७ मीटरचा धरला तर प्रमाण १:४२ येते. भारतात नियमाने गाडीची रुंदी २.६ मीटरच्या आणि डबलडेकरची उंची ४.७५ मीटरच्या आत असावी लागते. २.६ मीटरला ४२ ने भागले की ६२ मिमी. आठ स्टड म्हणजे ६४ मिमी. रुंदी ठरली: आठ स्टड.

इथे एक अडचण येते, ती आधीच मान्य करा. मिनीफिगर उंचीच्या मानाने फार रुंद आहे. बसलेल्या फिगरला दोन स्टड लागतात. एकेक स्टडच्या भिंती वजा जाता आत सहा स्टड उरतात, म्हणजे दोन्हीकडे एकेक फिगर आणि मध्ये दोन स्टडांची वाट. खऱ्या बसमधली दोन-दोनची बाके बसत नाहीत. ती बसवायला गाडी दहा स्टड रुंद केली तरी चार फिगर बसतात आणि मधली वाट नाहीशी होते, शिवाय गाडी फुगलेली दिसते. बाकांपेक्षा बाहेरचा घाट महत्त्वाचा, म्हणून आठच बरे.

उंचीचा हिशोब जमिनीपासून असा: तळमजल्याच्या जमिनीपर्यंत २ ब्रिक, खालचा मजला आतून ४ ब्रिक १ प्लेट, म्हणजे उभी फिगर मावते, वरच्या मजल्याची जमीन २ प्लेट, वरचा मजला ४ ब्रिक, छप्पर २ प्लेट. एकूण ११ ब्रिक २ प्लेट, म्हणजे ११२ मिमी. ४२ ने गुणा: ४.७० मीटर. नियमाच्या मर्यादेत बसले. वरच्या मजल्यावर केस लावलेली फिगर उभी राहणार नाही, पण तिथे सगळे बसलेलेच दाखवायचे असतात.

लांबी फोटोवरून काढा. बसचा १०.००-२० मापाचा टायर बाहेरून साधारण १.०५ मीटर व्यासाचा असतो. बाजूने, लांबून, झूम करून काढलेल्या फोटोत बसच्या लांबीत किती टायर बसतात ते मोजा. नऊ बसले तर लांबी सुमारे ९.४५ मीटर, १:४२ ला २२५ मिमी, म्हणजे २८ स्टड. जवळून काढलेला फोटो घेऊ नका; त्यात पुढचे टोक मोठे दिसते आणि लांबी हमखास चुकते. तोच टायर मॉडेलमध्ये २५ मिमीचा हवा. लेगोचा २४ मिमी व्यासाचा, १४ मिमी जाडीचा टायर अगदी जवळ जातो. त्याचा वरचा भाग तळमजल्याच्या जमिनीपेक्षा अर्धा ब्रिक वर येतो. तो झाकायला तिथे बाक ठेवा.

समोरचा चेहरा

बस ओळखू येते ती समोरून, आणि नवख्यांचे सगळ्यात जास्त तास इथेच वाया जातात. समोरची बाजू गुळगुळीत हवी, म्हणून प्लेट आणि टाइल (वर स्टड नसलेली प्लेट) उभ्या लावायच्या, स्टड पुढच्या दिशेला. याला ‘स्नॉट’ (स्टड्स नॉट ऑन टॉप) म्हणतात. त्यासाठी बाजूला स्टड असलेला १×१ ब्रिक (क्रमांक ८७०८७) किंवा बाजूला दोन स्टड असलेला १×२ ब्रिक (११२११) वापरतात.

नेहमीची चूक अशी: दोन ८७०८७ एकावर एक ठेवले जातात आणि त्यांच्या बाजूच्या स्टडांवर एक प्लेट बसवायचा प्रयत्न होतो. ती बसत नाही. त्या दोन स्टडांमधले अंतर ब्रिकच्या उंचीइतके, ९.६ मिमी असते आणि प्लेटला ८ मिमी हवे असते. जोर लावला तर एक टोक बसते आणि दुसरे उचकटते. दोन ८७०८७ च्या मध्ये दोन प्लेट घाला. आता अंतर ९.६ अधिक ६.४, म्हणजे १६ मिमी, दोन स्टड. तीन स्टड लांबीची प्लेट पहिल्या आणि तिसऱ्या जागेवर अचूक बसते. संपूर्ण चेहरा या पाच प्लेटांच्या पटीत आखा: दर पाच प्लेटांवर बाजूच्या स्टडांची एक ओळ, मध्ये दोन प्लेट.

ब्रॅकेट, म्हणजे काटकोनात वळलेली प्लेट, वापरलात (४४७२८, ९९७८१) तर लक्षात ठेवा की त्याचा उभा पत्रा १.६ मिमी, अर्ध्या प्लेटइतका जाड असतो. चेहऱ्याचा एक भाग ब्रॅकेटवर आणि दुसरा ८७०८७ वर असेल तर पृष्ठभाग १.६ मिमीने पुढे-मागे होतो. कधी हेच हवे असते: काचेची पट्टी किंचित आत आणि खालचा पत्रा किंचित बाहेर दाखवायला ही अर्ध्या प्लेटची पायरी फार छान दिसते. पण ती ठरवून आलेली हवी.

भिंती आणि मजले

खिडक्यांसाठी १×२×२ ची लाल चौकट (६०५९२) आणि तिची काच (६०६०१). दरवाजाच्या बाजूला खाली ७, पलीकडे ९, वरच्या मजल्यावर दोन्हीकडे ११-११ धरल्या तर ३८ चौकटी आणि ३८ काचा लागतात. ४२ मागवा. जास्तीच्या चार काचांचे पैसे फार नाहीत, पण एका काचेसाठी पुन्हा टपालखर्च भरणे महागात पडते.

ओळीने लावलेल्या अकरा चौकटी म्हणजे एकमेकांना न धरणारे अकरा सुटे खांब. त्यांना बांधून ठेवतात त्या खालच्या आणि वरच्या लांब प्लेट. गवंडी ज्याला सांधमोड म्हणतात तेच इथे करायचे: १×८ आणि १×६ प्लेट अशा लावा की प्लेटचा सांधा चौकटीच्या सांध्यावर येणार नाही. वरच्या मजल्याची जमीन दोन थरांत करा आणि दोन थरांचे सांधेही एकमेकांवर येऊ देऊ नका. एकच थर ठेवला तर बस मधोमध उचलताना जमीन वाकते आणि सगळ्यात आधी खिडक्या निखळतात.

वरचा मजला सुटा करायचा असेल तर खालच्या भिंतीच्या माथ्यावर टाइलची पट्टी लावा आणि फक्त सहा स्टड उघडे ठेवा: चार कोपऱ्यांत, दोन मधोमध. सगळे स्टड उघडे ठेवले तर पकड इतकी घट्ट बसते की मजला काढताना भिंतच हातात येते. छपरालाही हाच नियम.

पडद्यावर आणि हातात

आराखड्यासाठी ब्रिकलिंक या लेगोच्या सुट्या भागांच्या ऑनलाइन बाजाराचे ‘स्टुडिओ’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. (ब्रिकलिंक २०१९ पासून लेगो समूहाकडे आहे.) तळ, खालचा मजला, वरचा मजला, छप्पर, चेहरा असे पाच वेगळे सबमॉडेल करा. एकाच ढिगात सगळे ठेवले तर पुढे सूचनापुस्तिका करताना पायऱ्या लावता लावता नाकी नऊ येतात.

एखादा सुटा भाग निवडलेल्या रंगात कधी तयारच झाला नसेल तर स्टुडिओ इशारा देते. तो इशारा शेवटी पाहू, असे करू नका. लाल रंगात बहुतेक साधे भाग मिळतात, पण वक्र भाग आणि ब्रॅकेट यांचे तसे नाही. प्रत्येक नवा भाग घेताना रंग तिथल्या तिथे तपासा.

पडद्यावर गुरुत्वाकर्षण नसते आणि पकडही कळत नाही. स्टडचा व्यास ४.८ मिमी, म्हणून दोन स्टडांमधली फट ३.२ मिमी, नेमकी प्लेटच्या जाडीइतकी. पडद्यावर या फटीत उभी प्लेट सहज मावते. हातात ती ठोकूनच बसवावी लागते, कारण मध्ये सुटीची जागाच राहत नाही. प्लास्टिकवर कायम ताण राहतो आणि भाग खराब होतात. अशा जोडण्यांना ‘इल्लीगल’ म्हणतात. पारदर्शक भागावर पारदर्शक भाग बसवणेही टाळा. ते एकमेकांना इतके चिकटतात की सोडवताना ओरखडे पडतात.

म्हणून ऑर्डर देण्याआधी तीन जागा प्रत्यक्ष बांधून पाहा: चेहऱ्याची एक बाजू, ओळीतल्या चार खिडक्या वर-खालच्या प्लेटसकट, आणि मागचे चाक. घरात असतील त्या रंगांत बांधा. इथे रंगाला महत्त्व नाही. चार खिडक्यांचा तुकडा दोन टोकांना धरून हलकेच पिळा. सांधे उघडत असतील तर प्लेटची मांडणी बदला.

खरेदी

स्टुडिओतून यादी थेट ब्रिकलिंकच्या ‘वॉन्टेड लिस्ट’मध्ये जाते. काही भागांचे जुने-नवे साचे वेगवेगळ्या क्रमांकांनी नोंदलेले असतात. साचा महत्त्वाचा नसेल तर यादीत दोन्ही चालतील असे करा. त्यावाचून निम्मे विक्रेते गळतात. बाहेरून दिसणारे सगळे लाल भाग एकाच विक्रेत्याकडून, नवेच घ्या. वेगवेगळ्या वर्षांच्या लाल रंगात छटेचा फरक असतो आणि २८ स्टड लांब सपाट भिंतीवर तो उठून दिसतो. आतले, न दिसणारे भाग जुने चालतील, मात्र तपकिरी आणि गडद लाल जुने घेऊ नका. त्या रंगांचे काही वर्षांतले भाग ठिसूळ निघालेले आहेत.

भारतात मागवत असाल तर भागांच्या किमतीपेक्षा टपाल आणि जकात जड जाते. खेळण्यांवरचे मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. त्या दिवशीचा दर पाहूनच ऑर्डर द्या आणि पाच छोट्या ऑर्डरींऐवजी एक-दोन मोठ्या करा.

चर्चा

मॉडेल अर्धे असतानाच दाखवा. पूर्ण झाल्यावर आलेली सूचना अमलात आणायला जीव होत नाही. पाच चित्रे पुरतात: समोर, दोन्ही बाजू, मागे, आणि छप्पर काढून वरून. शेजारी मूळ बसचा फोटो ठेवा आणि प्रमाण लिहा. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘मस्त’ एवढेच उत्तर येते. ‘वरच्या मजल्याची समोरची काच दोन ब्रिक उंच आहे, फोटोत ती जास्त वाटते, चेहऱ्याची जोडणी न मोडता एक प्लेट कशी वाढवू?’ असे विचारा. दुसऱ्याची युक्ती वापरली असेल तर त्याचे नाव चित्राखालीच लिहा.

दुसऱ्याच्या मॉडेलवर बोलताना आधी विचारा की मॉडेल मांडून ठेवायचे आहे की हाताळायचे. मांडायच्या मॉडेलमध्ये सैल जोडणी चालते, मुलांच्या हातात जाणाऱ्यात नाही. मग दोष सांगताना जागा, कारण आणि पर्यायी भाग असे तिन्ही सांगा: ‘मागच्या कोपऱ्यात चार १×१ ब्रिक एकावर एक आहेत, ते शेजारच्या भिंतीला कुठेच धरलेले नाहीत, दुसऱ्या आणि चौथ्या थरात १×२ घाला.’ सूचना आल्या की मूळ फाइल तशीच ठेवून नव्या क्रमांकाच्या प्रतीवर बदल करा. दोन सूचना एकमेकींना छेद देतात तेव्हा मागे यायला जागा लागते.